पाच मिनिटे कोणाच्या खात्यावर?

२०२१ च्या सप्टेंबरच्या आरंभी केंद्र सरकारच्या कार्मिक व प्रशिक्षण विभागाने सर्व मंत्रालयांना एक पत्रक धाडले. आयुष मंत्रालयाने तयार केलेल्या ‘वाय-ब्रेक’ या मोबाइल ॲपचा कर्मचाऱ्यांत प्रसार करावा, असे त्यात सांगितले होते. कामावरून उठावे, पाच मिनिटे ताडासन, स्कंधचक्र, कटिचक्रासन करावे, थोडा नाडीशोधन प्राणायाम, थोडी भ्रामरी, आणि मग पुन्हा फायलींकडे वळावे, असा तो कार्यक्रम. पुढे २०२३ मध्ये खुर्ची न सोडता करता येईल अशी त्याची आवृत्तीही निघाली. पत्रकाचे स्वागत अपेक्षेप्रमाणे दोन परींनी झाले. एका गोटात प्राचीन विद्येच्या जयजयकाराला उधाण आले. दुसऱ्या गोटात, आणि त्यात पुरोगामी म्हणवणारी मंडळी आघाडीवर होती, टिंगल सुरू झाली. रिक्त पदे भरायची नाहीत, तीन माणसांचे काम एकावर लादायचे, आणि त्याची मान धरली की त्याला भ्रामरी करायला सांगायचे!

टिंगल अगदीच निराधार नव्हती. परंतु जयजयकार करणारे आणि टिंगल करणारे या दोघांनीही एक साधा प्रश्न विचारला नाही. ही पाच मिनिटे कोणाच्या खात्यावर टाकायची? ती कामाच्या वेळेत मोजायची की जेवणाच्या सुट्टीतून कापायची? त्या पाच मिनिटांत टेबलावर साचणारे काम कोणी उपसायचे? साहेबाने कपाळाला आठ्या घातल्या तर कर्मचाऱ्याने कोणता नियम दाखवायचा? एखाद्या गोष्टीचा प्रसार करणे आणि तिचा हक्क देणे यांतील अंतर कामगार चळवळीला तरी समजावून सांगण्याची गरज नसावी. बैठे काम करणाऱ्यांच्या व्यायामाचा सारा विषय अखेरीस या अंतराशी येऊन थांबतो.

प्रथम दुखण्याविषयी. पंख्याखाली खुर्चीवर बसून जो राबतो त्याला कष्ट कसले, ही समजूत आपल्या समाजात खोल रुजलेली आहे. आणि खेदाची गोष्ट अशी की ती कामगार चळवळीतही पुष्कळ काळ वावरली. घाम गाळतो तो श्रमिक, बाकीचे पांढरपेशे, अशी सोयीस्कर वाटणी होऊन बसली. वस्तुतः या दुखण्याची नोंद यंत्रयुगाहूनही जुनी आहे. इटलीतील बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने व्यवसायजन्य रोगांवरचा आपला ग्रंथ १७०० मध्ये प्रसिद्ध केला आणि १७१३ च्या वाढीव आवृत्तीत लेखनिक व कारकून यांच्या विकारांचा विचार केला. त्याने तीन कारणे सांगितली: अखंड बैठक, हाताची एकाच दिशेने होणारी अविरत हालचाल, आणि लिहिण्यात चूक होऊ नये म्हणून मनावर राहणारा ताण. तीनशे वर्षे लोटली, बोरूच्या जागी कळफलक आला, कागदाच्या जागी पडदा आला. परंतु या तीन कारणांतील एकही खोडून टाकण्याचा प्रसंग अद्याप आलेला नाही.

बसून राहणे म्हणजे विश्रांती, हा भ्रम शरीरशास्त्राने केव्हाच मोडीत काढला आहे. जड वस्तू उचलताना स्नायू आवळतो आणि सैल पडतो. त्या आवळण्या-सोडण्यातून रक्त खेळते आणि थकव्याचा निचरा होतो. टंकलेखन करणाऱ्याच्या मानेचे व खांद्याचे स्नायू मात्र तासन्‌तास थोडेसे, पण न थांबता, आवळलेले राहतात. भार हलका असतो, उसंत मुळीच नसते. स्वीडनमधील संशोधक गोरान हेग यांनी १९९१ मध्ये यासंबंधी एक उपपत्ती मांडली, तिला त्या क्षेत्रात ‘सिंड्रेला’ उपपत्ती म्हणतात. हलक्या कामात स्नायूंतील ठराविक थोडेच तंतू प्रथम जुंपले जातात आणि काम संपेपर्यंत तेच राबत राहतात, बाकीचे तंतू स्वस्थ असतात. गोष्टीतील त्या सावत्र मुलीप्रमाणे घरात सर्वांआधी उठणारे आणि सर्वांनंतर निजणारे हे तंतू अखेर निकामी होऊ लागतात. सासुरवास भोगणाऱ्या सुनेची गाणी जिथे जात्यावर गाइली गेली, त्या महाराष्ट्राला ही उपमा परकी वाटू नये. पाठीच्या मणक्यांमधील चकत्यांना मोठ्या माणसात स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. दाब बदलत राहिला तरच त्यांचे पोषण नीट चालते, आणि एकाच स्थितीत बसणाऱ्याच्या पाठीवरचा दाब बदलत नाही. पोटऱ्यांचे स्नायू चालताना पायांतील रक्त वर ढकलतात. बसल्यावर ते काम थंडावते आणि संध्याकाळी पाय सुजतात. पडद्याकडे टक लावणारा माणूस पापण्या कमी वेळा मिटतो, म्हणून डोळे कोरडे पडून चुरचुरतात. यांत आळस, लाड किंवा मनाचे खेळ कोठेही नाहीत.

मनाचे खेळ हा आरोप मात्र दर वेळी होत आला. ब्रिटनमध्ये तारायंत्रावर काम करणाऱ्यांच्या हाताला येणारा पेटका १९०८ मध्ये नुकसानभरपाईस पात्र अशा आजारांच्या यादीत घालण्यात आला. तक्रारी वाढताच चौकशी समिती नेमली गेली, आणि १९११ च्या आपल्या अहवालात तिने वारंवार येणाऱ्या थकव्याच्या जोडीला कामगाराच्या मज्जासंस्थेच्या दुबळेपणालाही जबाबदार धरले. १९८० नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलियातील टंकलेखक व दूरध्वनी खात्यातील हजारो कर्मचाऱ्यांनी हात दुखण्याची तक्रार केली, तेव्हा तेथील काही डॉक्टरांनी हाच राग पुन्हा आळवला. हातांनी पैसे कमावणाऱ्याचे हात दुखतात, ही गोष्ट मान्य करण्याची किंमत मोठी असते. म्हणून ती शक्य तो मान्य करायची नसते.

बैठ्या कामाचा परिणाम मानेपाठीपुरता मर्यादित नाही. लंडनमध्ये जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दुमजली बसचे चालक आणि वाहक यांची तुलना केली होती. दोघेही एकाच महामंडळाचे नोकर, एकाच बसमध्ये दिवस काढणारे; परंतु दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांत हृदयविकार अधिक आणि अधिक घातक आढळला, जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांत कमी. टपाल खात्यातही पत्रे वाटत फिरणारा पोस्टमन टेबलाशी बसणाऱ्या कारकुनापेक्षा सुरक्षित ठरला. २०१६ मध्ये दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीच्या एकत्रित विश्लेषणातून असे दिसले की रोज आठ तास बसणाऱ्याचा मृत्यूचा वाढीव धोका पुसून टाकायचा तर रोज साठ ते पंच्याहत्तर मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल हवी. ठाण्याहून किंवा विरारहून फोर्टमध्ये येणाऱ्या आणि घरी पोचल्यावर पुन्हा चूल सांभाळणाऱ्या कर्मचारी स्त्रीने हा तास दिवसाच्या कोणत्या कप्प्यातून काढावा, हे सांगण्याचे काम विश्लेषकांचे नव्हे. ते राजकारणाचे आहे.

आणि सर्वांचे बसणे सारखे नसते, ही गोष्ट तर विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. लंडनच्या व्हाइटहॉलमधील सरकारी नोकरांचा १९६७ मध्ये सुरू झालेला अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यात तळच्या श्रेणीतील शिपाई-द्वारपालांचा मृत्युदर सर्वोच्च श्रेणीतील अधिकाऱ्यांच्या सुमारे तिप्पट निघाला. धूम्रपानादी कारणे वजा करूनही हा फरक पुरता मिटला नाही. १९८५ पासून चाललेल्या त्याच्या दुसऱ्या पर्वात जे सूत्र पुढे आले ते असे की, आपल्या कामावर माणसाचा स्वतःचा ताबा किती, यालाही मोठे महत्त्व आहे. अधिकारीही खुर्चीवरच बसतो. पण त्याला वाटेल तेव्हा तो उठतो, खिडकीशी जातो, शेजारच्या खोलीत चहाला बसतो, आणि त्याला कोणी कामचुकार म्हणत नाही. कॉल सेंटरमधील मुलगी लघुशंकेला गेली तर तिची मिनिटे यंत्र मोजते. उठण्याचे स्वातंत्र्यही पगाराच्या श्रेणीनुसार वाटले गेले आहे, इतके म्हटले की विषयाचे वर्गीय स्वरूप उघडे होते.

आता व्यायामाने गुण येतो का? येतो, आणि थोडक्यातही येतो. डेन्मार्कमधील संशोधकांनी २०११ मध्ये मान व खांदे वारंवार दुखणाऱ्या १९८ कार्यालयीन कर्मचाऱ्यांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. रबरी दोरी पायाखाली धरून दोन्ही हात बाजूंनी खांद्यापर्यंत उचलायचे, एवढाच तो व्यायाम. आठवड्यातून पाच दिवस, दहा आठवडे. काहींनी तो रोज बारा मिनिटे केला, काहींनी केवळ दोन मिनिटे, आणि काहींना फक्त आरोग्याची माहिती पाठवण्यात आली. दोन मिनिटे करणाऱ्यांच्याही वेदना माहिती मिळालेल्यांपेक्षा स्पष्टपणे कमी झाल्या. तेव्हा व्यायामाची थट्टा करणाऱ्यांनी ती आवरती घ्यावी हे बरे. दुखणारा खांदा क्रांतीची वाट पाहत नाही.

पण याहून बोलका पुरावा अमेरिकेचा आहे. तेथील राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने आयकर खात्यातील डेटा एन्ट्री करणाऱ्यांवर दोन अभ्यास केले. त्यांचे निष्कर्ष २००० व २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. रोज पंधरा मिनिटांच्या दोन सुट्ट्या त्यांना होत्याच. त्यांत पाच-पाच मिनिटांच्या चार जादा सुट्ट्यांची भर घालून पाहण्यात आले. दिवसाकाठी वीस मिनिटांचे काम कमी झाले, शरीराची अस्वस्थता आणि डोळ्यांचा ताण घटला, आणि तरीही उत्पादन घसरले नाही. उरलेल्या वेळात हात वेगाने चालले. दुसऱ्या अभ्यासात अर्ध्या लोकांना सुट्टीत अंग ताणण्याचे व्यायामही शिकवले होते. त्यांनी ते किती वेळा केले? नेहमीच्या सुट्ट्यांपैकी अवघ्या पंचवीस टक्के आणि जादा सुट्ट्यांपैकी एकोणचाळीस टक्के सुट्ट्यांत. त्यामुळे ताणाच्या व्यायामाचा वेगळा परिणाम त्या अभ्यासात सिद्ध होऊ शकला नाही. सुट्टीचा परिणाम मात्र सिद्ध झाला.

या पंचवीस आणि एकोणचाळीस टक्क्यांचे दोन अर्थ लावता येतील. व्यवस्थापक म्हणेल, पाहा, सोय करून दिली तरी लोक व्यायाम करत नाहीत, दोष त्यांचाच. दुसरा अर्थ अधिक सरळ आहे. पंधरा मिनिटांच्या सुट्टीत माणसाला चहा प्यायचा असतो, घरी फोन लावायचा असतो, शेजाऱ्याशी दोन शब्द बोलायचे असतात. त्या वेळेवर आणखी एका कर्तव्याचे ओझे टाकले की तो ते टाळतो, आणि योग्यच करतो. सुट्टीच्या वेळी व्यायाम करा असे सांगणे म्हणजे सुट्टी रद्द करून दुसरे काम लावणे. जादा वेळ दिल्यावर मात्र प्रमाण वाढले, हेही त्याच आकड्यांत दिसते. आधी वेळ, मग व्यायाम, हा क्रम उलटवून चालत नाही.

उत्पादन घसरत नाही, हा युक्तिवाद मालकापुढे ठेवण्यास सोपा आहे आणि वाटाघाटीत तो अवश्य ठेवावा. त्यावर विसंबून मात्र राहू नये. त्याचा इतिहास कामगाराच्या बाजूचा नाही. कार्यक्षमतेच्या शास्त्राचा प्रणेता फ्रेडरिक टेलर याने १९११ च्या आपल्या पुस्तकात सायकलच्या पोलादी गोळ्या तपासणाऱ्या मुलींची हकीकत मोठ्या अभिमानाने दिली आहे. ते बैठे, डोळ्यांचे व बोटांचे काम. दिवस साडेदहा तासांचा. टेलरने तो टप्प्याटप्प्याने साडेआठ तासांवर आणला, दर सव्वा तासाने दहा मिनिटांची मोकळीक दिली, मुलींना उठून चालण्या-बोलण्यास सांगितले. वेतनही वाढले. एवढेच वाचून कोणीही त्याला कामगारांचा मित्र म्हणेल. पण हकीकत पुढे आहे. जे काम पूर्वी एकशेवीस मुली करीत ते आता पस्तीस मुली करू लागल्या. उरलेल्या पंच्याऐंशी घरी गेल्या. राहिलेल्या मुलींनी गप्पा मारत काम करू नये म्हणून त्यांच्या जागा एकमेकींपासून दूर मांडण्यात आल्या होत्या, हा तपशीलही टेलरने लपवलेला नाही. विश्रांती खरी होती, लाभही खरा होता. आणि दोन्ही मालकाच्या वहीत जमा झाले. दिवसाच्या ज्या फटींत कामगार श्वास घेत असे त्या बुजवून टाकायच्या, आणि मग मोजून मापून एक अधिकृत फट पाडून द्यायची, ही ती पद्धत. आजच्या कंपन्यांतील ‘वेलनेस’ नावाचे कार्यक्रम या टेलरच्याच घराण्यातले आहेत. ज्या कार्यालयात योगाच्या वर्गाला हजेरी लागते तेथेच रात्री अकराला ‘जरा एवढे पाहून पाठव’ असा निरोप येतो, आणि त्यात कोणाला विसंगती वाटत नाही.

सत्तेनेही सामुदायिक व्यायामाचा उपयोग वेळोवेळी करून घेतला आहे. जपानमधील रेडिओवरची कवायत १९२८ मध्ये सम्राट हिरोहितोच्या राज्यारोहणाच्या निमित्ताने सुरू झाली. तिची मूळ कल्पना एका अमेरिकन विमा कंपनीची. युद्धकाळात ती राष्ट्रनिष्ठेची कवायत झाली, पराभवानंतर बंद पडली आणि १९५१ मध्ये नव्या रूपात परतली. सोविएत कारखान्यांत व कार्यालयांत कामाच्या वेळातच ‘उत्पादन-कवायत’ होई. चीनने १९५१ मध्ये ध्वनिक्षेपकावरची कवायत सुरू केली, आणि २०१० मध्ये बीजिंगच्या कामगार महासंघाने तिचे पुनरुज्जीवन केले. या प्रयोगांत एक गोष्ट घेण्यासारखी आहे: व्यायामाला कामाच्या दिवसात जागा होती, तो कामगाराच्या खासगी इच्छाशक्तीवर सोडलेला नव्हता. पण ध्वनिक्षेपकाच्या हुकमासरशी हजारो हात एकदम वर जातात तेव्हा ते कोणासाठी वर जातात, हा प्रश्न लोकशाही समाजवाद्याने विचारलाच पाहिजे. नाव समाजवादाचे असले म्हणून सक्तीचा व्यायाम मुक्तीचा होत नाही. गुडघा धरलेल्या बाईला, गरोदर स्त्रीला, किंवा आज मन लागत नाही अशा माणसाला नुसते खिडकीशी उभे राहण्याचा अधिकार हवा. मोकळी वेळ ही हक्काची बाब आहे. तिच्यात हात वर करायचे की डोळे मिटायचे हे ज्याचे त्याने ठरवावे.

हक्क म्हणून ही गोष्ट जगात अनेक ठिकाणी मिळवली गेली आहे. जपानमध्ये संगणकासाठी कार्डे छिद्रित करणाऱ्या तरुण मुलींत मान-खांदा-हाताचे विकार पसरले, तेव्हा १९६४ मध्ये तेथील श्रम मंत्रालयाने मार्गदर्शक नियम घातले: कळफलकावर दिवसाला पाच तासांहून अधिक काम नाही, दर तासाला दहा मिनिटे विश्रांती, आणि दिवसाला चाळीस हजारांहून अधिक ठोके नाहीत. ब्राझीलने १९९० मध्ये याहून स्पष्ट नियम केला. तासाला आठ हजार ठोक्यांची मर्यादा, माहिती भरण्याचे काम दिवसाला पाच तास, आणि दर पन्नास मिनिटांमागे दहा मिनिटांची विश्रांती, जी कामाच्या तासांतून वजा करायची नाही. त्या शेवटच्या वाक्यांशात सारी लढाई आहे. त्याच वर्षी युरोपीय समुदायाने आपल्या सदस्य देशांना निर्देश दिला की पडद्यासमोरचे काम ठरावीक अंतराने थांबवून विश्रांती किंवा कामात बदल देण्याची जबाबदारी मालकाची. या तिन्ही ठिकाणी व्यायामाचे नाव नियमात पुढे आलेले नाही. पुढे आला आहे तो वेग आणि वेळ.

आपल्याकडची स्थिती काय? महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाला नऊ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास सुट्टी, अशी तरतूद आली. पाच तास! रामाझ्झिनीच्या लेखनिकालाही हे चमत्कारिक वाटले असते. पुढची वाटचाल तर उलट्या दिशेने आहे. २०२५ च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने आस्थापनांतील रोजचे नऊ तास दहापर्यंत आणि कारखान्यांतील बारापर्यंत नेण्यास, तसेच जादा कामाची मर्यादा तिमाहीस १४४ तासांपर्यंत वाढवण्यास मान्यता दिली. केंद्राची २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अंमलात आली. तीत आठ तासांचा दिवस आहे, पण मध्यंतर किती व केव्हा हे सरकारच्या अधिसूचनेवर सोपवले आहे. इन्फोसिसचे एक संस्थापक नारायण मूर्ती यांनी २०२३ मध्ये तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावे असा उपदेश केला होता, तेव्हा पुष्कळांना तो एका वृद्ध उद्योगपतीचा लहरीपणा वाटला. धोरण कोणत्या दिशेने सरकत होते याची ती पूर्वसूचना होती.

येथे थोडे अंकगणित केले पाहिजे. पाच मिनिटांच्या चार सुट्ट्या म्हणजे दिवसाला वीस मिनिटे, सहा दिवसांच्या आठवड्याला दोन तास. एका हाताने हे दोन तास ‘आरोग्याच्या’ नावाने द्यायचे आणि दुसऱ्या हाताने दिवस एका तासाने लांबवायचा, तर लांबवलेल्या दर दिवसामागे कर्मचारी चाळीस मिनिटांनी तोट्यात. दहाव्या तासाला थकलेल्या खांद्यावर रबरी दोरीचा इलाज चालेल, असे डेन्मार्कच्या चाचणीत कोठेही सिद्ध झालेले नाही. व्यायामाची मागणी तासांच्या मागणीपासून वेगळी काढली की ती मालकाच्या सोयीची होते.

दुसरी एक बाजू विसरता कामा नये. ज्यांना बसण्याचाही हक्क नव्हता अशा श्रमिकांची लढाई अलीकडची आहे. केरळमधील कापडाच्या दुकानांतील स्त्रिया दिवसभर उभ्या राहत. त्यांच्या संघर्षानंतर २०१८ मध्ये त्या राज्याने आणि २०२१ मध्ये तामिळनाडूने दुकानांतील कामगारांना बसण्याची सोय देणे कायद्याने बंधनकारक केले. वास्तविक कारखान्यांतील उभ्याने काम करणाऱ्यांसाठी अशी तरतूद १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ४४ मध्येच होती. एकीला बसू द्या म्हणून झगडावे लागते, दुसरीला उठू द्या म्हणून. या दोघींची मागणी एकच आहे, हे ओळखणारी संघटनाच दोघींना एका मोर्चात आणू शकेल.

सर्वांत बिकट स्थिती आहे ती नोकरदार म्हणूनही ज्यांची गणना होत नाही अशांची. ग्रामपंचायतींतील संगणक परिचालक तुटपुंज्या मानधनावर, साध्या लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून दाखले, उतारे आणि योजनांची माहिती भरत असतात. मानधनाच्या वाढीसाठी आझाद मैदानावर बसण्याचीही त्यांना सवय झाली आहे. सेवा केंद्र चालवणाऱ्याला दर अर्जामागे पैसे मिळतात. घरी बसून नोंदीमागे दोन-चार पैशांनी काम करणाऱ्या मुली तर कोणत्याही हजेरीपटावर नाहीत. जेथे मोबदला नगावर आहे तेथे पाच मिनिटे उठण्याची किंमत स्वतःच्या खिशातून द्यावी लागते. अशा परिचालकाला ‘दर तासाला उठा’ असा सल्ला देणारा डॉक्टर चुकीचे सांगत नाही. परंतु औषधाच्या चिठ्ठीबरोबर पैसे कोण देणार हे तो सांगत नाही. नगावरील दरांतच विश्रांतीची मिनिटे धरली गेली पाहिजेत, जशी किमान वेतनात साप्ताहिक सुट्टी धरली जाते. ही मागणी नवी वाटेल. ती अवघड मुळीच नाही.

बँकांच्या कर्मचाऱ्यांनी यंत्रीकरणाशी मोठा झगडा केला आणि १९८३ मध्ये बँक संघाशी करारही केला. यंत्रे किती, कोठे, नोकऱ्यांचे काय, यंत्रावर बसणाऱ्याला भत्ता किती, यांवर त्या काळच्या चर्चेचा भर होता आणि तो समजण्याजोगा होता. पण भत्ता हा झिजणाऱ्या मनगटाचा भाव होय. मनगट झिजू नये, ही मागणी वेगळी असते आणि तिची वेळ आता टळून चालली आहे. येत्या वेतन कराराच्या मागणीपत्रांत एक कलम घालण्यास कोणत्याही संघटनेला अडचण नसावी: पडद्यासमोरच्या दर तासामागे पाच मिनिटे विश्रांती, कामाच्या तासांतच मोजलेली, जेवणाच्या सुट्टीला तिचा स्पर्श नाही, तिच्या बदल्यात कामाचा कोटा वाढवायचा नाही, तिचा उपयोग कसा करायचा हे कर्मचाऱ्याने ठरवायचे, आणि व्यायाम शिकू इच्छिणाऱ्यांसाठी जाणकार शिक्षकाचा खर्च मालकाने करायचा. खुर्चीची उंची, पाय टेकण्याची सोय आणि पडद्याची पातळी यांसाठी वेगळे कलम हवे. वाकडे बसून सरळ होण्याचा व्यायाम करणे हा निष्फळ उद्योग आहे.

मागणीपत्राला आधार लागतो तो माहितीचा, आणि ती आणण्यासाठी तज्ज्ञांची वाट पाहण्याचे कारण नाही. इटलीतील तुरिनच्या मोटार कारखान्यांत १९६० नंतरच्या दशकात इव्हार ओद्दोने या मानसशास्त्रज्ञाने कामगार संघटनांच्या साह्याने हे दाखवून दिले की कामाने शरीराचे काय होते याचे सर्वांत खात्रीचे ज्ञान त्या कामावरच्या गटालाच असते. आणि त्या देशाच्या १९७० च्या श्रमिक कायद्याने आपल्या प्रतिनिधींमार्फत आरोग्यावर देखरेख ठेवण्याचा अधिकार कामगारांना दिला. अनेक देशांतील संघटना आज एक साधी रीत वापरतात. मोठ्या कागदावर माणसाची पुढून व मागून आकृती काढून भिंतीला लावायची, आणि प्रत्येकाने आपले दुखते ठिकाण त्यावर टिंबाने दाखवायचे. नाव लिहायचे नाही. जिथे टिंबांची गर्दी झाली तिथे बोट ठेवून विचारायचे की हे कोणत्या टेबलावरचे, कोणत्या कामाचे, कितव्या तासाचे. युनियनच्या शाखांनी येत्या महिन्यात एवढे केले तरी वाटाघाटीला बसताना हातात कागद असेल. पक्षाच्या कार्यालयांनीही तो आपल्या भिंतीवर लावून पाहावा. चार-चार तास चालणाऱ्या बैठकांचा आणि पत्रके टाइप करणाऱ्या कार्यकर्त्यांचा हिशेब त्यात यायला हरकत नाही.